चष्मा कुठे आहे?

मावशी,
माझा थोरला भाऊ एकावन्न वर्षांचा. स्किझोफ्रेनियाची औषधं तरुणपणापासून चालू, उपचार बांबोळीच्या आयपीएचबीत, म्हणजे गोव्याच्या सरकारी मनोरुग्णालयात. आई होती तोवर तो घरी होता. ती गेल्यावर दीड वर्षापूर्वी त्याला एका खासगी होममध्ये ठेवला. पैसे धाकटा भाऊ दुबईहून पाठवतो, त्यावरून वहिनी कुरकुरते. होम चांगलं की वाईट हेच मला कळत नाही. बाग आहे, स्वच्छता बरी आहे. हुमणाला, म्हणजे माशांच्या कालवणाला, चव नसते, कर्मचारी सारखे बदलतात. भेट फक्त दुसऱ्या रविवारी, तीही आधी फोन करून. दर महिन्याला व्हॉट्सॲपवर फोटो येतात. दादा पूर्वी जत्रेतल्या नाटकांना प्रॉम्प्टिंग करायचा, आता पेपरसुद्धा उघडत नाही. तिथल्या मॅडम म्हणतात, त्याचा इंटरेस्ट गेलाय, आजार वाढलाय. डॉक्टरांनी रात्रीची गोळी वाढवली. शाळेपासून त्याला सहा नंबरचा चष्मा, तो गणेश चवथीपासून दिसत नाही, हरवला म्हणे. दादा काही बोलत नाही, म्हणून मीही विषय काढला नाही. त्याला दुसरीकडे हलवू का?
– एक बहीण, डिचोली
(पत्र बरंच कमी करून छापलं आहे.)

बाये,

तुझ्या मूळ पत्रात हुमणाच्या चवीवर अख्खा परिच्छेद आहे आणि वहिनीवर दीड. चष्म्यावर जेमतेम दोन वाक्यं, त्यातलं दुसरं तुझ्या स्वतःच्या बचावाचं.

चवथीपासून! चवथ झाली, दिवाळी झाली, गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या. उणे सहा नंबरच्या माणसाला चष्म्याशिवाय सोळा-सतरा सेंटिमीटरपर्यंतचंच स्पष्ट दिसतं. एक वीतसुद्धा नाही. त्यापलीकडे समोरच्याचा चेहरा नाही, टीव्ही नाही, भिंतीवरचं घड्याळ नाही. मासळीतला काटा शोधायला त्याला ताटात नाक घालावं लागत असेल. विंगेतल्या मिणमिणत्या दिव्याखाली रात्रभर वही वाचणारा माणूस तो, आणि तो पेपर उघडत नाही याचं तुम्हा सगळ्यांना कोडं पडलंय.

या आजारात माणूस गप्प होतो, कोपरा धरून बसतो, हे खरं आहे. घोळ तिथेच होतो. एकदा आजाराचं नाव चिकटलं की दाढ दुखली, कानात मळ साचला, चष्मा हरवला, सगळं त्याच नावावर खपून जातं. दादाचा आजार वाढलाही असेल, इथे बसून मी ते कसं सांगू? पण चष्मा न देता गोळी वाढवली गेली. वाढवणाऱ्या डॉक्टरांना चष्म्याचं कुणी सांगितलं होतं का? होमने सांगितलं नसेल. तू सांगितलंस?

होमला मी सोडत नाहीये. कर्मचारी सारखे बदलतात हे तू जाता जाता लिहिलंस, पण त्याचा अर्थ नीट बघ. दिवाळीनंतर कामाला लागलेल्या पोराने तुझ्या भावाला चष्म्यात कधी पाहिलेलंच नाही. त्याच्या लेखी हा माणूस असाच आहे: भिंत चाचपत चालणारा, हाकेला उशिरा वळणारा. दादाच्या नाकावर चष्मा असायचा हे आठवणारं माणूस आता तूच. दर महिन्याचे फोटो तू बघत होतीस आणि गप्प बसलीस, कारण होमवाल्यांना राग येईल, त्याला घरी न्या म्हणतील. ही भीती तू पत्रात लिहिली नाहीस, पण आधी फोन करून जाणारी माणसं मला ठाऊक आहेत.

म्हणून त्याला हलवायचं की नाही हा प्रश्न मी आज घेतच नाही. तू त्याला चष्मा करून दे. होमला सांगून करवून घ्यायचा नाही, तू स्वतः त्याला घेऊन जायचंस. येत्या आठवड्यात, कामाच्या दिवशी. रविवारची वाट बघायची नाही.

बांबोळीलाच ने. गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, डोळ्यांची ओपीडी आहे आणि आयपीएचबी तिथेच, एका खेपेत दोन्ही होतं. जुन्या नंबरवर दुकानातून चष्मा उचलू नकोस, डोळे नीट तपासून घे. कंप कमी करायला या रुग्णांना ट्रायहेक्सिफेनिडिल देतात, त्याने जवळचं अंधुक होऊ शकतं. आजाराच्या काही नव्या औषधांनी वजन आणि रक्तातली साखर वाढते, आणि साखर डोळ्यांवर उतरते. तेव्हा औषधांची यादी बरोबर ने आणि साखर शेवटची कधी तपासली ते होमला विचार. तिथून आयपीएचबीत जाऊन वाढवलेल्या गोळीचं विचार. चष्म्याची हकिकत आधी सांग, गोळीचं नंतर. आणि तुझ्या मनाने अर्धी गोळीही कमी करायची नाही, कळलं ना?

मॅडम म्हणतील, बाहेर न्यायला परवानगी नाही. रजा द्यायचा अधिकार तिथल्या प्रभारी डॉक्टरांना असतो, त्यांच्याकडे लेखी माग. नाही म्हणाले तर कारणही लेखी माग. आपल्याकडे २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आहे, २०१८ पासून लागू आहे. हे हॉस्पिटल नाही, नुसतं निवासी होम आहे, या सबबीने त्यातून सुटता येत नाही. मानसिक आजाराच्या माणसांना देखभालीसाठी ठेवून घेणाऱ्या जागेला त्याखाली नोंदणी लागते, आणि नोंदणीचं प्रमाणपत्र दिसेल असं लावावं लागतं. गेलीस की भिंतीवर बघ. आत राहणाऱ्याला स्वतःचे कपडे घालायचा, ठरावीक वेळी फोन करायचा, भेटायला आलेल्याला भेटायचा हक्क आहे. सेवेत कसूर झाली तर तक्रार आधी प्रभारी डॉक्टरांकडे, तिथे दाद लागली नाही तर मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे. हे तोंडपाठ करून भांडायला जाऊ नकोस. फक्त मॅडमनी आवाज चढवला तर खुर्चीवरून उठू नकोस.

चष्मे दोन कर. प्लास्टिकच्या भिंगांचे, मागे दोरी बांधलेले. काडीच्या आतल्या बाजूला दादाचं नाव कोरून घे, अशा ठिकाणी चष्मे आणि कवळ्या एकमेकांच्या तोंडावर फिरतात. दुसरा चष्मा होमच्या कपाटात नको, तुझ्याकडे ठेव. दुबईला कळवायची गरज नाही. एवढे पैसे तुझ्याकडे आहेत, आणि नसतील तर चवथीला नवी साडी घेतली नव्हती असं समज.

पहिला चष्मा तयार झाला की तो घालून दादाला अख्खं होम हिंडव आणि तू मागून चाल. कुठला कर्मचारी त्याला नावाने हाक मारतो, तो कुणाला टाळतो, त्याची खाट कुठली, कपाटातले शर्ट त्याचेच आहेत का, सगळं त्याच्याकडूनच विचारून घे. उत्तराला वेळ लागेल, तोवर तू बोलू नकोस. मग महिनाभर अधूनमधून, आधी न कळवता, जेवणाच्या वेळेला जा आणि चष्मा नाकावर आहे का तेवढं बघ.

महिन्याने मला लिही. होम बदलायचं की नाही ते तेव्हा बोलू, आणि त्या पत्रात दादा काय म्हणाला तेही असू दे. वहिनीवर एक ओळ पुरे.

– मावशी