'बेस कुठाय?' या कमेंटनं उडालेली झोप

घरी बसून इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्या मुलांची तक्रार साधारण एकाच साच्याची असते. महिनाभर खपून ट्रॅक केला, ऑनलाइन टाकला, ऐकणारे पन्नासच्या पुढं गेले नाहीत. मित्र भारी म्हणाले, एखादा अनोळखी माणूस खवचट बोलून गेला आणि लक्षात राहिला तेवढा तोच. मग प्रश्न येतो : 'माझ्यात काही नाहीच का?'

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीत काम करणाऱ्या बावीस वर्षांच्या मुलाचं असंच झालं होतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि एकाहून जास्त प्रकरणांतले एकत्र केले आहेत.) त्याला आईनं समुपदेशनासाठी माझ्याकडं आणलं. "रात्रभर मोबाइल बघत बसतंय, जेवणाकडं ध्यान नाही, बोलायला गेलं की अंगावर येतंय," असं त्यांचं म्हणणं. हलगी-घुमक्याच्या ठेक्यावर सिंथ (इलेक्ट्रॉनिक वाद्याचा सूर) चढवून त्यानं तीन ट्रॅक केले होते आणि तिन्ही टाकून काढून टाकले होते. शेवटच्याला ४१ प्ले, ११ लाइक आणि 'नाद खुळा भावा' छापाच्या कमेंटी आल्या होत्या. त्यांतच एक अनोळखी : 'बेस कुठाय?', म्हणजे गाण्यातला खर्जाचा आवाज कुठं आहे. ती वाचून रात्री दोनला ट्रॅक डिलीट.

पहिल्या भेटीत संगीताचा विषय मुद्दाम बाजूला ठेवला, आधी झोपेचं बोललो. प्लेचा आकडा दर दहा मिनिटांनी बघायची ओढ म्हणजे काही स्वभावदोष नव्हे. बक्षीस कधी मिळेल याचा नेम नसला की तीच कृती पुन्हा पुन्हा केली जाते, हे मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या प्रयोगांपासून माहीत आहे. इच्छाशक्तीवर भिस्त ठेवण्यापेक्षा सोय बदललेली बरी. ट्रॅक रात्री टाकायचा नाही, सुट्टीच्या दिवशी सकाळी टाकायचा. नोटिफिकेशन बंद. आकडे सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. मोबाइल चार्जिंगला झोपायच्या खोलीबाहेर. आणि डिलीट करावंसं वाटलं तर ट्रॅक फक्त 'प्रायव्हेट' करायचा, निर्णय ७२ तासांनी. डिलीट केलं की आकडे आणि कमेंटी दोन्ही जातात, मग शिकायला हाताशी काही उरत नाही.

इथं एक गोष्ट पालकांसाठी. झोप-भूक दोन आठवडे बिघडलेलीच राहिली, एरवी आवडणाऱ्या गोष्टींतूनही मन उडालं किंवा जगण्याबद्दल नकोसं बोलणं सुरू झालं, तर तो ट्रॅकचा प्रश्न राहत नाही. मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं. मरणाचं बोलणं असेल तर वाट बघायचीच नाही. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर आहे आणि तिथं मराठीत बोलता येतं. या मुलाचं तिथवर गेलेलं नव्हतं. आठवड्याभरात झोप बरीच जागेवर आली.

दुसऱ्या भेटीत त्याला त्याच्या नोकरीबद्दल विचारलं. जॉब, म्हणजे मशीनवर तयार झालेला भाग, रिजेक्ट करताना रिपोर्टवर काय लिहितोस? तो म्हणाला, कुठलं माप, किती मायक्रॉननं बाहेर गेलं. 'बेकार जॉब' असं लिहून चालेल का? हसला. मग त्याच्या कमेंटींना तोच नियम लावला. 'नाद खुळा' यात माप नाही. मित्र गाण्याला लाइक करत नाहीत, त्याला करतात. चांगलंच आहे, पण त्यावरून मिक्स, म्हणजे आवाजांचा मेळ, सुधारत नाही. 'हे काय संगीत झालं का?' यातही माप नाही, सोडून द्यायचं. 'बेस कुठाय?' यात मात्र माप होतं. सगळ्या कमेंटींत उपयोगाची तेवढी एकच आणि छळलंही तिनंच.

हा योगायोग नाही. क्लूगर आणि डेनिसी या संशोधकांनी १९९६ मध्ये अभिप्रायावरच्या बऱ्याच प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. त्यांतल्या एक-तृतीयांशाहून जास्त ठिकाणी अभिप्राय मिळाल्यावर काम सुधारायच्या ऐवजी बिघडलं होतं. त्यांचं स्पष्टीकरण असं की लक्ष कामावरून सरकून 'मी कसा आहे' याकडं गेलं की नुकसान होतं. म्हणून उत्तर कामातच शोधायला लावलं.

बेस होता, पण त्याचा मूळ सूर ४९ हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ४९ कंपनं इतका खाली. मोबाइलच्या स्पीकरमधून दोनशे हर्ट्झच्या खालचं फारसं बाहेरच पडत नाही. वर त्याची खोली दहा बाय दहाची, बसायची जागा भिंतीला टेकून. दहा फुटांच्या अंतरात ५६ हर्ट्झच्या आसपास आवाज घुमतो आणि भिंतीपाशी तो सगळ्यात जास्त ऐकू येतो. त्याला बेस भरपूर वाटला, म्हणून त्यानं तो कमी केला. म्हणजे आधीच कमी बेस आणि ऐकणारा मोबाइलवर. उपाय अवघड नव्हता. बेसच्या ट्रॅकची एक प्रत काढायची, तिच्यावर सॅच्युरेशन (आवाज किंचित फाटवणारा इफेक्ट) लावायचं म्हणजे ९८, १४७, १९६ आणि त्यावरचे हार्मोनिक्स, मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर, तयार होतात. त्यानंतर साधारण १५० हर्ट्झवर हायपास फिल्टर लावून खालचं कापायचं आणि ही प्रत मूळ बेसखाली १०-१२ डेसिबलनं दबवून मिसळायची. मूळ सूर वाजला नाही तरी वरच्या हार्मोनिक्सवरून कान तो भरून घेतो. क्रम उलटा केला, आधी कापून मग सॅच्युरेशन लावलं, तर फक्त खरखर वाढते.

४१ प्लेचंही असंच उलगडलं. ट्रॅक डिलीट झालेला असला तरी त्याला आठवत होतं त्याप्रमाणं सरासरी ऐकण्याचा वेळ ४० सेकंद होता. ट्रॅक १२८ बीपीएमचा, म्हणजे मिनिटाला १२८ ठोक्यांचा, आणि सुरुवात ३२ बारची; बार म्हणजे चार ठोक्यांचं एक आवर्तन. एक बार १.८७५ सेकंदांचा, म्हणजे ठेका पडायलाच पूर्ण मिनिट. इतकी लांब सुरुवात डीजेला दोन ट्रॅक जोडायला लागते. बसमध्ये मोबाइलवर ऐकणाऱ्याला काही जोडायचं नसतं. त्यानं ८ बारची, १५ सेकंदांची सुरुवात असलेली दुसरी आवृत्ती काढली आणि लांबवाली डीजेंसाठी वेगळी ठेवली.

वडिलांचा प्रश्न वेगळा होता : "ह्यातनं पैसं मिळत्यात का?" सरळ उत्तर दिलं. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं की एक स्ट्रीम धरला जातो आणि २०२४ पासून मागच्या बारा महिन्यांत १००० स्ट्रीम न झालेल्या ट्रॅकला त्या रेकॉर्डिंगची रॉयल्टी मिळत नाही. त्यामुळं नोकरी सोडायचा विषय नाही. पगारातून छंद चालतोय तोवर घरात भांडण कशाला?

खरा बदल झाला तो अभिप्राय मागण्याच्या पद्धतीत. सगळ्यांना लिंक पाठवून 'कसं वाटलं?' विचारलं की उत्तर 'मस्त' येणारच, कारण प्रश्नच तसा आहे. पाचच माणसं ठरवली : दोघं स्वतः संगीत करणारे, दोघं या प्रकारचं ऐकणारे आणि एक ज्याला यात रस नाही असा. ट्रॅक जाहीर करण्याआधी प्रायव्हेट लिंक आणि तीनच प्रश्न. कितव्या सेकंदाला लक्ष उडालं? कुठला आवाज टोचतो? कुठला तुकडा परत ऐकावासा वाटला? शिवाय कशावर ऐकलंत, मोबाइल, हेडफोन की ब्लूटूथ स्पीकर, हेही लिहून घ्यायचं. नाहीतर उत्तरांचा अर्थ लागत नाही. दोन आवृत्त्यांत निवड करायला सांगायची असेल तर लाउडनेस आधी सारखा करायचा. एक डेसिबलनं मोठी असलेली आवृत्तीसुद्धा बहुतेकांना 'चांगली' वाटते.

उत्तरं आली की त्याच दिवशी प्रोजेक्ट उघडायचं नाही. एकट्यानं म्हटलेलं वहीत टिपायचं, तिघांनी एकाच जागी बोट ठेवलं तर त्या जागेवर काम करायचं. मात्र ऐकणारा सांगतो तो उपाय जसाच्या तसा घ्यायचा नाही. तिघं म्हणाले, "हलगी वाढव." वाढवून बघितली तर ती टोचायला लागली. खरी अडचण लीड सिंथची, म्हणजे मुख्य धून वाजवणाऱ्या सिंथची, होती. दोन ते चार किलोहर्ट्झमध्ये तो हलगीची थाप झाकत होता. तिथं सिंथ ३ डेसिबलनं खाली घेतल्यावर हलगीला हात न लावता ती वर आली.

त्याच खेपेला तिघांनी मधला नुसता घुमक्याचा भाग 'लांबलाय, काढ' म्हणून सांगितलं. तालमीत जाऊन, वाजवणाऱ्याला विचारून त्यानं स्वतः रेकॉर्ड केलेला तो तुकडा. त्याच्यासाठी सगळा ट्रॅक त्यावरच उभा होता. काढायलाच हवा का, असं त्यानं विचारलं. अभिप्राय म्हणजे हुकूम नव्हे, लांबलाय हे माप खरं आहे, पुढं काय करायचं ते तुझं, एवढंच त्याला सांगितलं. त्यानं तुकडा ठेवला, फक्त ३२ बारचा १६ वर आणला.