बाळ चौथ्या दिवशी गेलं. वहिनी आणि आई दोघी गप्प झाल्यात. देवाधर्मातून त्यांना आधार कसा द्यावा?

तुम्ही लिहिलंय की गुहागरजवळच्या गावी बाळाला पुरून आले आणि दुसऱ्या दिवसापासून घर जणू काही झालंच नाही असं वागतंय. खरी अडचण तिथेच आहे. मोठं माणूस गेलं की दहा दिवस ओटीवर माणसं येतात, पिंड ठेवतात, कावळा शिवला नाही तर दर्भाचा कावळा करून शिववतात. दुःखाला वेळ, जागा आणि माणसं मिळतात. बारशाआधी गेलेल्या बाळाचं यातलं काहीच करत नाहीत.

आधी अंगाचं बघा. बाळ नसलं तरी वहिनी बाळंतीण आहे, म्हणून तेल, शेक, गरम जेवण आणि सव्वा महिन्याची विश्रांती बंद करू नका. दूध येणारच. छाती भरून दुखली तर ओल्या गार फडक्याची घडी 10-15 मिनिटं ठेवायची आणि हलकं वाटेल इतकंच दूध हाताने काढायचं. सगळं पिळून काढलं तर आणखी येतं, करकचून बांधलं तर गाठी धरतात. ताप आला किंवा कातडी लाल झाली तर सरळ डॉक्टरकडे. (हे कसलं अध्यात्म, म्हणाल. पण ठणकत्या छातीने जपात मन लागत नाही.)

आता देवाचं. जपाआधी मी गाऱ्हाणं सुचवेन. देवळात गुरव गाऱ्हाणं घालतो आणि मागचे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. कोणी कोणाची समजूत घालत नाही, हेच त्याचं बळ. तेच घरी करा. तिन्हीसांजेला तुळशीपाशी दिवा लावा, तेल अर्ध्या तासापुरतंच घाला. वहिनीने देवाला हाक मारायची, बाळाचं नाव मनात ठरलं होतं ते घ्यायचं, काय झालं ते सांगायचं, राग असेल तर रागानेच. शेवटी फक्त आजच्या रात्रीपुरतं मागायचं. झोप, एवढंही पुरे. जवळ बसणाऱ्याने 'व्हय' म्हणायचं, बाकी काही नाही. 'देवालाच हवं होतं', 'पुढच्या वर्षी दुसरं होईल' ही वाक्यं तर नकोतच. शब्द फुटले नाहीत तर नुसतं बसायचं. दिवा शांत झाला की उठायचं, नाहीतर बोलणं रात्रभर चालतं आणि दोघी जाग्याच राहतात.

जप करायचाच तर एक माळ, कसलाही संकल्प न करता. अकरा माळांचा नेम धरला की चुकलेल्या दिवशी 'माझ्याच हातून राहतं' असं वाटतं, आणि स्वतःला बोल लावणं तर तिचं आधीच चालू असणार.

'कोणाचं काय लागलं' हे विचारायला भगताकडे जाऊ नका. बोट शेवटी वाडीतल्या एखाद्या बाईकडे वळतं, नाहीतर वहिनीकडेच. करणीचा आळ घेऊन कोणाला छळणं हा राज्यात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हाही आहे.

तुमच्या आईचं नातवंड गेलंय, हे घरात कोणी बोलत नसेल. त्यांना सुनेचं करतानाच रडू गिळावं लागतं. भावकीतल्या कोणालातरी रोज दुपारी दोन तास वहिनीजवळ बसवा आणि त्या वेळात आईंना देवळात, माहेरी, कुठेही जाऊ द्या. त्यांचं गाऱ्हाणं वेगळं असू द्या, सुनेसमोर त्या मोकळ्या होणार नाहीत.

दोघींपैकी कोणाची झोप-जेवण दोन आठवडे सुटलेलं राहिलं, तर वाट न बघता 14416 वर फोन लावा. ही मनाच्या त्रासासाठीची सरकारी टेलि-मानस सेवा फुकट आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. 'बाळापाठोपाठ जावंसं वाटतं' असं कोणी म्हणालं, तर त्याच क्षणी फोन करा, तिला एकटं ठेवू नका आणि डॉक्टरकडे न्या.

राहिला गौरीचा ओवसा (सुनांनी सुपं भरून गौरीला ओवसायची रीत) आणि शेजारची बारशी. वहिनीला परस्पर वगळू नका, ओढूनही नेऊ नका. विचारायचं, आणि नाही म्हणाली तर विषय तिथेच सोडायचा.