रात्रीच्या जेवणाला भाज्या घालून झटपट पास्ता कसा करावा? माझा नेहमी गिचका होतो

तुम्ही लिहिलंय की घरी चार माणसं, त्यातली दोन लहान. कामावरून आल्यावर हाताशी जेमतेम अर्धा तास. मांस नको, भाज्या भरपूर हव्यात. आणि होतं असं की पास्ता चिकटून त्याचा गोळा होतो, भाज्यांना पाणी सुटतं आणि मुलं त्या वेचून ताटाच्या कडेला ठेवतात. वर तास जातो तो वेगळाच.

तुमची कृती वाचली. साहित्यात काही खोट नाही, क्रम उलटा झालाय. तुम्ही आधी सगळ्या भाज्या चिरता, मग पास्ता उकडून चाळणीत काढून ठेवता, मग सॉसला लागता आणि शेवटी सगळं एकत्र करता. तो पास्ता चाळणीत नुसता बसून राहतो, तिथेच सगळं बिघडतं. शिजलेल्या पास्त्यावर पिठूळ, ओला स्टार्च असतो. गार व्हायला लागला की तो घट्ट होतो आणि पाच-सात मिनिटांत सगळे तुकडे एकमेकांना धरून बसतात. मग ते सोडवायला आपण नळाखाली धरतो किंवा वरून तेल ओततो, आणि दोन्हींमुळे सॉस त्याला चिकटत नाही. सॉस तयार होऊन पास्त्याची वाट बघत थांबला तर चालतो, पास्ता मात्र थांबत नाही.

तर घरात आल्यावर हात धुतले की पहिलं काम पाणी ठेवायचं. कांदा, सुरी, फ्रिज, सगळं त्यानंतर. पाण्याला उकळी येणं हाच या स्वयंपाकातला एकमेव भाग आहे ज्याला हाताने घाई करता येत नाही. चौघांना ३२० ते ३५० ग्रॅम सुका पास्ता पुरतो (मोठ्या माणसाला ८० ते १०० ग्रॅम, लहानांना त्याच्या निम्मा-पाऊण). पुस्तकी हिशेबाने १०० ग्रॅमला एक लिटर पाणी, म्हणजे साडेतीन लिटर, आणि तेवढं उकळायला घरच्या गॅसवर वीसेक मिनिटं सहज जातात. मी दोन, फार तर सव्वादोन लिटर घेतो. आखूड पास्त्याला तेवढं पुरतं, फक्त ढवळण्यात आळस करायचा नाही. वर झाकण. इलेक्ट्रिक किटली असेल तर निम्मं पाणी तिच्यात तापवा, बराच वेळ वाचतो.

मीठ इटालियन पद्धतीत लिटरला १० ग्रॅम घालतात. आपण पाणी कमी घेतोय आणि त्यातलं काही सॉसमध्ये जाणार आहे, म्हणून लिटरला चहाचा एक चमचा, साधारण ६ ग्रॅम, बास होतं. पाण्यात तेल मात्र घालू नका. ते वर तरंगत राहतं, चिकटणं थांबवत नाही. चिकटणं थांबतं ते पास्ता टाकल्यानंतरची पहिली दोन मिनिटं नीट ढवळल्याने, कारण स्टार्च फुगून सर्वांत चिकट होतो तो तेव्हाच. एवढं करूनही लगदा होत असेल तर पाकिटाची मागची बाजू वाचा. डुरम गव्हाचा रवा लिहिलेला असावा. साध्या मैद्याचा पास्ता मिनिटभर जास्त झाला की गेला कामातून.

आता भाज्या. माझं ठाम मत, वाद घालायचा तर घाला: एका वेळी दोन, फार तर तीन भाज्या. फ्रिजमध्ये उरलेलं सगळं थोडं थोडं टाकण्याचा मोह होतो, पण सहा भाज्यांना सहा वेगवेगळे वेळ लागतात, आणि अर्ध्या तासात तो हिशेब कुणाला जमत नाही. त्यापेक्षा दोनच घ्या आणि भरपूर घ्या. ३५० ग्रॅम पास्त्याला ६००-७०० ग्रॅम भाजी दिसायला फार वाटते, शिजल्यावर बरोबर बसते.

कुठली भाजी कशी शिजवायची हे तिच्यात पाणी किती आणि ती कडक किती यावरून ठरवा. ब्रोकोली, फ्लॉवर, फरसबी, पातळ चकत्या केलेलं गाजर यांना वेगळं भांडं लागतच नाही. पास्ता व्हायला तीन-चार मिनिटं राहिली की त्याच पाण्यात सोडायची. मटार अगदी शेवटच्या दीड-दोन मिनिटांत, फ्रोझन असले तर तसेच. पालक तर गॅस बंद केल्यावर गरम पास्त्यात मिसळला तरी मऊ पडतो. फ्रोझन पालक असेल तर तो घट्ट पिळून घ्या, नाहीतर सगळं पाणी सॉसमध्ये उतरतं.

तुमचा पाणी सुटण्याचा त्रास आहे तो झुकिनी, मश्रूम, वांगं आणि ढोबळी मिरचीचा. विशेषतः मश्रूम, त्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. या भाज्यांना सॉसमध्ये ढकलायचं नाही. तुमच्याकडचं सर्वांत रुंद पॅन घ्या, चांगलं तापवा, दोन चमचे तेल घाला आणि भाजी एका थरात पसरा. झाकण नको, मीठ नको, आणि पहिली दोन-तीन मिनिटं हलवूही नका. मश्रूम असतील तर आधी ते चुरचुरतील, मग पाणी सोडून बुडबुडे काढत उकळल्यासारखे दिसतील. इथे धीर सुटतो आणि माणूस टोमॅटो ओततो. थांबा. ते पाणी आटलं की आवाज पुन्हा बदलतो, कोरडा चर्र असा येतो, आणि कडा तपकिरी व्हायला लागतात. मीठ आत्ता घालायचं. मग भाजी ताटलीत काढून ठेवायची. एका थरात मावत नसेल तर दोन खेपा करा, गर्दी झाली की भाजी परतली जात नाही, वाफेवर शिजते.

भाजी काढली की त्याच पॅनमध्ये, न धुता, सॉस. गॅस मंद करा, तीन चमचे ऑलिव्ह तेल आणि चार-पाच पाकळ्या लसूण पातळ कापून. लसूण सोनेरी होईपर्यंतच, तपकिरी झाला तर कडू होतो आणि तो कडवटपणा नंतर कशानेही जात नाही. चिमूटभर चिली फ्लेक्स, मुलांना तिखट नको असेल तर ते वरून स्वतःच्या ताटात. टोमॅटो पेस्ट असेल तर चमचाभर घालून मिनिटभर परता, लाल रंग विटकरी होईपर्यंत, तिची कच्ची चव जाते. मग टोमॅटो. ४०० ग्रॅमचा डबा चालेल, नाहीतर पाच पिकलेले टोमॅटो अर्धे कापून किसणीवर किसा, साल हातात उरते आणि गर खाली पडतो. सोलणं नाही, मिक्सर नाही, दोन मिनिटांचं काम. जरा मोठ्या आचेवर आठ-दहा मिनिटं आटू द्या.

टोमॅटो पॅनमध्ये पडला की पास्ता पाण्यात टाकायचा. दोन्ही जवळजवळ एकत्र होतात. पाकिटावर ११ मिनिटं लिहिली असतील तर नवव्या मिनिटाला एक तुकडा काढून दाताने तोडून बघा. मधोमध पांढरा बारीक ठिपका दिसला पाहिजे. दिसतोय तोवरच काढायचा, कारण उरलेलं शिजणं सॉसमध्ये करायचंय.

आणि काढण्याआधी, कृपा करून, मगभर पाणी बाजूला ठेवा. तुमच्या कृतीत हे कुठेच नव्हतं, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठा फरक इथेच पडतो. ते गढूळ, खारट पाणी म्हणजे पातळ स्टार्च आहे. तेल आणि टोमॅटोचा रस एरवी फुटून वेगळे होतात, ते या स्टार्चमुळे एकत्र धरले जातात. चाळणीऐवजी झाऱ्याने पास्ता सरळ पॅनमध्ये उचललात तर आणखी बरं. वर अर्धा कप ते पाणी घाला, आच मोठी करा आणि मिनिट-दोन मिनिटं सतत ढवळत, उडवत राहा. आधी सगळं पाणीदार दिसेल आणि वाटेल की बिघडलं. मग बुडबुडे लहान आणि जाड होतात, रस चकाकायला लागतो. चमच्याने पॅनच्या तळावर रेघ ओढली की ती क्षणभर तशीच राहते आणि मग हळूच भरते. झाला. घट्ट वाटला तर आणखी चमचाभर पाणी. ताटात पडल्यावर पास्ता आणखी रस पितो, त्यामुळे पॅनमध्ये किंचित सैल असलेलाच चांगला. ठेवलेली भाजी आत्ता परत घाला, गॅस बंद करा, चव बघून मग लागलं तरच मीठ.

पेने, फुसिली, रिगातोनी, शंख यांच्यासारखा आखूड पास्ता या कामाला सोयीचा. भाजीचे तुकडे त्याच्याच मापाचे कापा म्हणजे एका घासात दोन्ही येतात. स्पॅगेटीबरोबर चिरलेल्या भाज्या शेवटी बशीच्या तळाशीच उरतात.

नुसता पास्ता आणि भाजी खाऊन दोन तासांत भूक लागते, ही तक्रार मांस नसलेल्या जेवणाबद्दल नेहमी येते आणि ती खरी आहे. त्याला उपाय कडधान्याचा. शिजवलेले काबुली चणे किंवा पांढरा राजमा, डब्यातलेसुद्धा, दीड वाटी घ्या आणि टोमॅटोबरोबर पॅनमध्ये टाका. त्यातले थोडे चमच्याच्या पाठीने चेचले की सॉसला दाटपणा येतो आणि क्रीमची आठवण राहत नाही. इटलीत चणे घालून केलेला पास्ता आणि राजम्याच्या जातीच्या दाण्यांचा पास्ता हे जुने, गरिबाघरचे, पोटभरीचे प्रकार आहेत, त्यात आपण काही नवं करत नाही.

चीजबद्दल एक सांगून ठेवतो, कारण तुम्ही मांस नको म्हटलंय. खरं पार्मेझान, म्हणजे पार्मिजानो रेज्जानो, वासराच्या पोटातून काढलेल्या रेनेटनेच (दूध घट्ट करून त्याचं चीज करायला लागणारा पदार्थ) बनवलं जातं, तसा त्याचा नियमच आहे. पेकोरिनो रोमानोत कोकराचं असतं. तुमच्या घरी हे चालत नसेल तर मायक्रोबियल किंवा शाकाहारी रेनेट लिहिलेलं दुसरं कडक चीज घ्या. किंवा चीज सोडाच आणि पावाचा जाडसर चुरा तेलात लसणाबरोबर कुरकुरीत परतून वरून भुरभुरा. दक्षिण इटलीत चीज परवडत नसे तेव्हा हेच करत, आणि खरं सांगायचं तर मला तो चीजपेक्षा जास्त आवडतो. चीज घालणारच असाल तर गॅस बंद केल्यावर, बारीक किसून. उकळत्या सॉसमध्ये टाकलंत तर त्याच्या गुठळ्या आणि तारा होतात.

मुलांचं. भाज्या लपवण्यावर माझा फार विश्वास नाही, पण कामाचा दिवस असेल तर हरकतही नाही: ढोबळी मिरची आणि गाजर टोमॅटोबरोबर मऊ शिजवून ब्लेंडरने फिरवा, सॉस केशरी आणि गोडसर होतो, कुणी विचारतही नाही. त्यापेक्षा जास्त चालतं ते वेगळं वाढणं. परतलेली भाजी पास्त्यात न मिसळता एका वाडग्यात मधोमध ठेवा आणि ज्याने त्याने घ्यावी. जी भाजी पास्त्यात मिसळलेली असताना वेचून काढली जाते, तीच स्वतःच्या हाताने घेतली की बऱ्याचदा खाल्ली जाते. भाजी थोडी तपकिरी परतलेली असली तर आणखीच, कारण मुलांची तक्रार चवीपेक्षा गिळगिळीतपणाची जास्त असते. चेरी टोमॅटो वापरत असाल तर अगदी लहान मुलांसाठी ते उभे चार भाग करून द्या, अख्खा टोमॅटो घशात अडकू शकतो.

टोमॅटोचा कंटाळा आला की ब्रोकोली करून बघा. ती पास्त्याच्या पाण्यात मुद्दाम जास्त, सहा-सात मिनिटं शिजवा, मग लसणाच्या तेलात चमच्याने मोडा. तिचाच सॉस होतो. वर लिंबाची साल किसून. हा सगळ्यांत झटपट प्रकार आहे, पाणी उकळल्यापासून पंधरा मिनिटांत ताटात.

उरला तर झाकून फ्रिजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवस टिकतो. दुसऱ्या दिवशी तो कोरडा आणि घट्ट झालेला असेल. मायक्रोवेव्हमध्ये तसाच ढकलू नका. पॅनमध्ये तीन-चार चमचे पाणी घालून झाकण ठेवा, मंद आचेवर वाफ येऊ द्या आणि मग ढवळा, सॉस पुन्हा सुटतो.