पहिल्यांदा प्रभुभोजन वाटताना
चर्चमध्ये येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरस वाटताना हात कापतील अशी भीती वाटते म्हणतोस. कापू देत. तबकातले छोटे प्याले किणकिणले तरी कोणी दचकत नाही. घाई मात्र करू नकोस. समोरच्याच्या तळहाताकडे बघ. भाकर घ्यायला पुढे आलेला प्रत्येक हात रिकामाच असतो, तुझाही. मला अर्थ तिथे सापडला, इतक्या वर्षांच्या प्रवचनांत नव्हे.

अपात्र वाटतं म्हणून मागे बसू नकोस. बायबलमध्ये प्रेषित पौलाने करिंथकरांना, म्हणजे करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला, स्वतःची परीक्षा करायला सांगितलं (१ करिंथ ११:२८), पण त्याच वचनात पुढे 'मग खावं' असंही आहे, ते आपण विसरतो. कोणाशी अबोला असेल तर आदल्या दिवशीच जाऊन बोल.

आणि तुझी पाळी आली की क्षणभर थांबून घे. वाटण्याच्या गडबडीत वाटणाऱ्याचंच घेणं राहून जातं बघ.