फूड बँकेचा फोटो टाकू का?

रूथ बाळा,

तुझा मेसेज वाचला. करिअरच्या मॅडम म्हणतात, सीव्हीत 'आम्ही' नको, 'मी' लिही, आणि गरजूंना अन्न वाटणाऱ्या फूड बँकेतला तुझा फोटो लिंक्डइनवर टाक. तुझा हात काही पुढे होईना. म्हणून विचारलंस, "आई, हा संकोच मराठी आहे की ख्रिस्ती?"

थोडा तो, थोडा हा. पण मराठी मंडळी फार विनम्र असतात असं समजू नकोस हं. आपल्या नगरकडच्या चर्चमध्ये भिंतीवरचं घड्याळ आठव: 'यांजकडून सप्रेम भेट' आणि खाली नाव, वेळेच्या आकड्यांपेक्षा ठळक. उपकारस्तुतीचं, म्हणजे देवाचे आभार मानायला दिलेलं, दान वाचून दाखवताना पाळकांनी एखादं नाव गाळलं, तर ते कुटुंब पुढचे दोन रविवार मागच्या बाकावर. मेजवानीत शेवटच्या जागी बसा असं येशूने सांगितलंय खरं, पण रुसून नव्हे!

तुझी अडचण मात्र खरी आहे. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातच दोन्ही गोष्टी सापडतात. बायबलात मत्तयाच्या पाचव्या अध्यायात, तुमचा प्रकाश लोकांपुढे पडू द्या. सहाव्यात, दान देताना उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नका. मग लोकांनी बघावं की बघू नये? पाचव्यातलं वाक्य शेवटपर्यंत वाच. बघून त्यांनी स्वर्गातल्या पित्याचं गौरव करावं, असं आहे ते. सहाव्यातल्या, दान देताना कर्णे वाजवणाऱ्यांना गौरव स्वतःचं हवंय.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इथे इंग्लंडातच झाला, वाँटेजला. पुढे त्या अमेरिकेत गेल्या, इंग्रजीत पुस्तक लिहिलं, भाषणं दिली, विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा केला. लाजत बसल्या असत्या तर १८८९ साली ती शाळा, शारदा सदन, निघालीच नसती. तेव्हा बोलायला हरकत नाही. पण कलकत्त्याच्या विद्वानांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलेल्या या बाईने शेवटची वर्षं केडगावात कशात घालवली? हिब्रू, ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर करण्यात, तेही खेड्यातल्या बायकांना कळेल अशा सोप्या भाषेत. संस्कृत जिभेवर असताना ते कागदावर मिरवायचं नाही, हे मला त्यांच्या सगळ्या भाषणांपेक्षा मोठं वाटतं. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकही तसेच. अभंगाच्या रीतीने शेवटी नाव घालायची वेळ आली, की 'दास' एवढंच घालायचे.

आता सीव्ही. काय केलंस, किती दिवस केलंस, काय जमतं, ते सरळ लिही. विचारलेलं खरं सांगणं ही बढाई नव्हे. येत असताना 'छे, मला कुठलं येतंय' म्हणणं हेही खोटंच, आपल्याकडे उगाच त्याचं कौतुक होतं. पण 'गरजू कुटुंबांचं आयुष्य बदललं' ही ओळ खोड. तू शनिवारी डबे रचतेस आणि त्यांवरच्या तारखा तपासतेस. तेच लिही, तेही कामच आहे.

फोटो मात्र टाकू नकोस. तुझ्या मागे रांगेत उभ्या असलेल्या बाईंचा चेहरा त्यात स्पष्ट दिसतोय, आणि त्यांना कुणी विचारलेलं नाही.

आजीने सलाम सांगितलाय.

तुझी आई