चित्र मुलाचंच राहू दे

बालवाडीत नवीन आहेस, म्हणून कळकळीने सांगते: छापील चित्रांत रंग भरून घेणं कमी कर. तीन वर्षांच्या मुलाच्या रेघोट्यांतूनच मनगट आणि बोटं लिहिण्यासाठी तयार होतात. जाड खडू दे, मोठा कागद जमिनीवर पसर.

गणेशचवथीच्या दिवसांत माटोळीचं, म्हणजे गोव्यात गणपतीच्या वर फळं-पानं बांधून टांगतात त्या लाकडी चौकटीचं, सामान वर्गात आण. सुपारीचा घोस, तोरिंजन (लिंबाच्या जातीचं मोठं फळ), नारळ. मुलांना हात लावू दे, वास घेऊ दे, मगच रंग काढ. (माटोळीतली काही रानफळं विषारी असतात, ती अजिबात आणू नकोस.) चिकणमाती तर रोज हवी.

‘हे काय काढलंस?’ असं विचारू नकोस, ‘मला याची गोष्ट सांग’ म्हण. कोकणीत सांगितली तर कोकणीतच कागदामागे लिही, तारखेसह. पालकांना दाखवण्यासाठी चित्र स्वतः सुधारू तर मुळीच नकोस.