मशीन घरघरतंय म्हणून हप्ता सुरू करायचा का?

प्रश्न: आमचं अपराइट (उभं धरून ढकलायचं) व्हॅक्यूम क्लीनर ६ वर्षांचं आहे. आठवड्यातून दोनदा, वीसेक मिनिटं वापरतो. महिनाभरापासून इतकं घरघरतं की शेजारच्या खोलीत फोनवर बोलता येत नाही. दुरुस्तीवाला म्हणतो मोटर गेली. ती बदलायला नव्या मशीनच्या किमतीच्या ४५ टक्के खर्च येईल. नवं मशीन १२ बिनव्याजी हप्त्यांत मिळतंय. घेऊन टाकू का?

उत्तर: दुरुस्तीवाल्याने मशीन उघडलं होतं का? तुमच्या पत्रात तसं कुठे दिसलं नाही. नुसता आवाज ऐकून त्याने मोटरवर बोट ठेवलं असेल, तर त्या भरवशावर मी वर्षभराचा हप्ता गळ्यात बांधून घेणार नाही.

तुमचा वापर वर्षाला ३५ तासांच्या आसपास, म्हणजे ६ वर्षांत साधारण २१० तास. युरोपीय संघाच्या २०१७ पासूनच्या नियमानुसार व्हॅक्यूमची मोटर किमान ५०० तास टिकावी लागते. तुमचं मशीन त्या नियमातलं असेल-नसेल, पण २१० तासांत मोटरने मान टाकावी हे मला जरा लवकर वाटतं.

तेव्हा आधी प्लग काढा, मशीन आडवं करा आणि खालचं झाकण उघडा. फिरता ब्रश बोटाने फिरवून बघा. तो अडखळत असेल तर दोन्ही टोकांकडे बघा. तिथे बेअरिंगपाशी (ज्यावर ब्रशचं टोक फिरतं) केस आणि दोरे वळून वळून घट्ट कडं झालेलं असतं. नुसतं ओढून ते निघत नाही, कात्रीने कापावं लागतं. साफ केल्यावरही टोक खरखरत असेल तर बेअरिंग गेलं. ब्रश फिरवणारा रबरी बेल्ट सैल पडलाय का, कडेने उसवलाय का, तेही बघा. चालवताना रबर जळल्यासारखा वास येत असेल तर बेल्ट घसरतोय.

आता खरी परीक्षा. बेल्ट आणि ब्रश बाहेर काढून झाकण परत लावा आणि मशीन दहा सेकंद चालवा. आवाज थांबला, तर मोटर ठीक आहे. तसाच राहिला, तर दोष मोटरमध्ये किंवा हवा ओढणाऱ्या पंख्यात. काही मशीनमध्ये कचरा पंख्यातूनच पिशवीत जातो. एखादा खडा पात्यावर आपटला की पंख्याचा तोल जातो आणि सगळं मशीन थरथरतं. घरघरीऐवजी बारीक शिट्टी येत असेल तर हवा कुठेतरी अडलीय: फिल्टर, पाइप किंवा भरलेली पिशवी. फिल्टर धुतलात तर पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नका. (मी स्वतः एकदा नवं मशीन ठरवून मोकळी झाले होते. जुन्याच्या ब्रशमध्ये हेअरपिन निघाली.)

आता पैसे. नव्या मशीनची किंमत १०० धरू. ते ८ वर्षं चाललं तर वर्षाला साडेबारा पडतात. बेल्ट आणि ब्रशला समजा ८ लागले आणि मशीन आणखी २ वर्षं चाललं, तर वर्षाला ४. इथे विचार करायलाही जागा नाही. मोटरला मात्र ४५ घातलेत, तर मशीन आणखी साडेतीन वर्षांहून जास्त चाललं तरच ते परवडतं. ६ वर्षांच्या मशीनचे पाइप, स्विच, चाकंही तितकीच जुनी असतात, त्यामुळे तेवढी खात्री मी देणार नाही. ‘निम्म्याहून कमी खर्च असेल तर दुरुस्त करा’ हा लोकांचा ठोकताळा इथे म्हणूनच फसतो.

बिनव्याजी हप्त्याबद्दल: दुकानात एकच विचारा, सगळे पैसे आत्ता रोख दिले तर किती? जी सूट मिळेल ती आणि प्रोसेसिंग फी, दोन्हींची बेरीज म्हणजे तुमचं व्याज. आणि शांततेसाठी नवं घेत असाल तर त्याच्या लेबलवर किंवा माहितीपत्रकात दिलेले डेसिबल वाचा. युरोपच्या त्याच नियमात ८० डेसिबलपर्यंत मुभा आहे, आणि ८० म्हणजे काही कुजबुज नव्हे.

मोटरच गेलीय असं नक्की झालं, तर जुनं सोडा. पण घाई करू नका. ३-४ महिने झाडूवर काढता येतात. तेवढ्यात हप्त्याची रक्कम दरमहा स्वतःच्याच खात्यात बाजूला टाका. एक हप्तासुद्धा जड गेला, तर सध्या थोडं स्वस्त मशीन बघा.